प्लास्टिकची कौलं घालावी का? सगळे विचारतात ते प्रश्न

२०२२ च्या एप्रिलमध्ये आम्ही कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घराची पडवी आणि मागचा मांगर (गुरांची, सामानाची शेड) प्लास्टिकच्या कौलांनी झाकला, मधलं घर मात्र मंगळुरी कौलांचंच ठेवलं. तेव्हापासून दरवर्षी शिमगा उरकला की फोन चालू होतात, मुंबईचे चाकरमानी, शेजारच्या वाडीतले, बायकोच्या माहेरचे, आणि सगळ्यांचे प्रश्न तेच. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी विकणारा नाही, बसवणारा पण नाही, फक्त स्वतःच्या घरावर करून बसलोय आणि त्या नादात बरंच शिकलोय.

प्लास्टिकची कौलं म्हणजे नक्की काय? दुकानात चार जण चार वस्तू दाखवतात.

बरोबर आहे, कारण नाव एक आणि माल वेगवेगळा. जास्त खपतं ते पीव्हीसीचं लांब शीट, त्याला कौलांसारखा उठाव दिलेला असतो, लांबून बघितलं तर कौलंच वाटतात पण असतो तो एक सलग तुकडा. ह्याच्या वरच्या बाजूला एएसए नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकचा पातळ थर असतो, उन्हाशी झगडायचं काम तो थर करतो, खालचं पीव्हीसी फक्त अंग धरतं. दुसरं म्हणजे यूपीव्हीसीचं, म्हणजे कडक पीव्हीसीचं, पोकळ शीट, दोन पापुद्रे आणि मधे हवेच्या नळ्या. तिसरं म्हणजे सुटी कौलं, मंगळुरी कौलाच्याच मापाची, साच्यातून काढलेली, बहुतेक पॉलिप्रोपिलीनची, ती रिपांवर, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्ट्यांवर, एकेक लावत जायची. आणि चौथं म्हणजे कौलाच्या आकारात दाबलेला रंगीत पत्रा, ह्यात प्लास्टिक काहीच नाही पण आमच्याकडे त्याला पण लोक बिनधास्त प्लास्टिकची कौलं म्हणतात आणि मग पावसात आवाज आला की प्लास्टिकला शिव्या देतात. आधी चुंबक लावून बघा, चिकटला तर पत्रा.

खाली मी जे बोलतोय ते बहुतेक सगळं पहिल्या प्रकाराबद्दल, म्हणजे एएसए-पीव्हीसी शीटबद्दल, कारण आमच्याकडे तेच आहे.

मंगळुरी कौलात वाईट काय आहे? शंभर वर्षं टिकतातच की.

कौलात वाईट काही नाही. बासेल मिशन ह्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या जर्मन लोकांनी मंगळूरला १८६५ मध्ये कारखाना काढला, नेत्रावती नदीच्या काठची चिकणमाती, यंत्रात दाबलेली, भट्टीत भाजलेली, आणि त्याआधीच्या नळीच्या कौलांच्या मानाने ती इतकी पक्की निघाली की सगळी किनारपट्टी त्यांनी भरून गेली. (कौलाच्या पाठीवर १८६५ छापलेलं दिसलं की आपलं घर तेवढं जुनं असं समजून फोटो टाकणारे बरेच आहेत, ते कारखान्याचं साल आहे रे बाबांनो.)

प्रॉब्लेम कौलाचा नाही, कौलावर चढणाऱ्या माणसाचा आहे. कौलारू घर म्हणजे दरवर्षी मृगाच्या आधी वर चढा, कौलं परता, फुटकी काढा, पाचोळा झाडा, रिपा बघा. आमच्या आजोबांच्या वेळी हे काम गावातले दोन भाऊ करायचे, कौलाला हात लावला की आवाजावरून सांगायचे ह्याला चीर आहे का नाही. आता ते नाहीत, त्यांची मुलं पुण्याला, आणि जो कोण मिळतो तो दहा कौलं बदलताना वीस फोडतो. त्यात माकडं. एक टोळी एकदा वरून गेली की दुसऱ्या दिवशी घरात चार ठिकाणी आकाश दिसतं.

वजनात किती फरक पडतो?

खूप, आणि हा आकडा समजून घ्या कारण पुढचं सगळं ह्यावर आहे. मंगळुरी कौल एक घेतलं तर सव्वादोन-अडीच किलो. एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटाला, साधारण १४०-१५० कौलं लागतात. म्हणजे ब्रासला साडेतीनशे किलोच्या आसपास, ते पण कोरडं, पावसात भिजलं की अजून वाढतं कारण कौल पाणी पितं. तीन मिलिमीटर जाडीचं एएसए-पीव्हीसी शीट चौरस मीटरला सहा किलोच्या आसपास, म्हणजे एकावर एक चढवलेल्या भागासकट धरा ब्रासला साठ किलो. घराचं छप्पर बारा ब्रासचं असेल तर एकीकडे चार टनांच्या वर आणि दुसरीकडे पाऊण टन पण नाही.

म्हणून प्लास्टिकखाली सांगाडा बारीक चालतो. आमच्या मांगराला जिथे फणसाचे वासे होते तिथे आता चौकोनी पाइप आहेत, वाळवीची कटकट संपली, गंजाची सुरू झाली.

एवढं हलकं आहे तर वादळात उडून नाही का जाणार?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि ह्याचं उत्तर बहुतेक दुकानदार हसून टाळतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ आलं तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी ११०-१२० किलोमीटरचे होते, रायगड आणि दापोली-मंडणगडकडे लोकांची छपरं गेली. पुढच्या वर्षी मे मध्ये तौक्ते आमच्या समोरून समुद्रातून गेलं तरी इथे बागा आणि छपरं झोपली. तेव्हा भीती खरी आहे.

आता हिशोब बघा. ताशी १२० चा वारा छपराला वर ओढतो तो जोर चौरस मीटरला ढोबळ ६५ किलोपर्यंत जातो, कडेला आणि आढ्याजवळ जास्त, मधे कमी. म्हणजे ब्रासला सहाशे किलो. तुमचं प्लास्टिक साठ किलोचं आणि कौल साडेतीनशेचं, म्हणजे नुसत्या वजनाच्या जोरावर दोन्ही हरतात. मग कौलं तरी का टिकतात? एक तर कौलं सुटी असतात, फटीतून हवा आत येते, आतला-बाहेरचा दाब बराचसा सारखा होतो, त्यामुळे ओढ कमी बसते, आणि उडालीच तर कडेची शे-दोनशे उडतात, बाकीची जागेवर. सलग शीटला ती सोय नाही, एक कोपरा उचलला की वारा खाली शिरतो आणि मग अख्खं पान उलटतं.

तेव्हा प्लास्टिकमध्ये वजनाचं काम स्क्रूंनी करायचं असतं. कडेच्या आणि आढ्याच्या ओळीत स्क्रू दाट, मधे थोडे विरळ चालतात, आणि शीट पाइपला घट्ट असून उपयोग नाही, पाइप भिंतीला घट्ट पाहिजे. ही गोष्ट लोक विसरतात. जुन्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरात वासे भिंतीवर नुसते टेकलेले असतात, त्यांना धरून ठेवतं ते कौलांचंच वजन. तुम्ही चार टन उतरवले आणि पाऊण टन ठेवलं, तर आता त्या सांगाड्याला खाली धरून ठेवणारं काहीच राहिलं नाही. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटची पट्टी ओतून त्यात बोल्ट सोडा आणि सांगाडा त्याला बांधा. ह्याला खर्च येतो आणि कोटेशनमध्ये हा कधीच धरलेला नसतो.

आत गरम होतं का?

होतं. पत्र्यापेक्षा कमी, कौलापेक्षा जास्त, हे माझं तीन उन्हाळ्यांचं मत.

कौलाचं असं आहे की ते जाड मातीचं, तापायला वेळ घेतं आणि फटीफटीतून गरम हवा वर निघून जाते. आमची काकी पडवीत बसून पहिल्याच दुपारी म्हणाली, "घराक श्वास घेवक नको काय?" आणि तिने इंजिनिअरपेक्षा बरोबर सांगितलं. पीव्हीसीतून उष्णता लोखंडासारखी सरसर आत येत नाही हे खरं, पण तीन मिलिमीटर जाडी ती केवढी, आणि छप्पर सगळं सीलबंद, गरम हवा आढ्याखाली अडकून बसते.

उपाय साधा आहे, दोन्ही बाजूच्या तिकोनी भिंतीत वर जाळी सोडा, आढ्याला हवा जायला जागा ठेवा, वळचणीला पूर्ण बंद करू नका. पडवी तर तीन बाजूंनी उघडीच आहे त्यामुळे आम्हाला फार जाणवत नाही. झोपायच्या खोलीवर घालणार असाल तर खाली तक्तपोशी किंवा कसलं तरी सीलिंग पाहिजेच. रंग फिका घ्या. सगळे विटकरी घेतात कारण कौलासारखा दिसतो, आम्ही पण तोच घेतला, असो.

पावसात आवाज येतो?

येतो पण बोलता येतं. पत्र्याखाली आषाढात फोनवर बोलणं अशक्य, इथे ते चालतं. कौलांइतकं शांत नाही. वेगळा एक आवाज मात्र कोणी सांगत नाही, दुपारी ऊन चढताना आणि संध्याकाळी उतरताना छपरातून टक्‌, टक्‌ असं येतं. पहिल्या आठवड्यात वडील काठी घेऊन बाहेर गेले होते कोण चढलंय बघायला. ते प्लास्टिक वाढतं आणि आकसतं त्याचं आहे, पुढच्या उत्तरात सविस्तर.

बसवताना चुका कुठे होतात?

इथे मी भरपूर पैसे देऊन शिकलोय. पीव्हीसी उन्हात वाढतं, लोखंडाच्या पाच-सहा पट. वीस फुटी शीट घ्या, जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार ह्यात शीटच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरा, तर ते दीड सेंटीमीटरच्या वर लांब होतं. आता तुम्ही ते स्क्रूने आवळून बांधून ठेवलंत तर ते जाणार कुठे? एक तर फुगवटा येणार नाहीतर स्क्रूपाशी तडकणार.

आमच्याकडे ज्याने काम केलं तो पत्र्याचा माणूस, हात चांगला, वेल्डिंग बघण्यासारखं, पण त्याने पत्र्याला मारतात तसे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू थेट शीटमधून मारले आणि वर गच्च आवळले. पहिला उन्हाळा गेला, दुसऱ्या एप्रिलमध्ये पडवीच्या दक्षिणेकडच्या पाखीला (छपराच्या उतरत्या बाजूला) सात-आठ स्क्रूंभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. तो म्हणे माल खराब, दुकानदार म्हणे फिटिंग खराब, वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं की भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडून न बसवल्यास आम्ही जबाबदार नाही. दोन शीटं पदरच्या पैशाने बदलली.

तर आधी ड्रिलने भोक पाडायचं, स्क्रू सहा मिलिमीटरचा असेल तर भोक आठ-नऊचं, वर रबराचा रुंद वॉशर आणि टोपी, आणि आवळायचं ते वॉशर जरा दबेल एवढंच. स्क्रू उंचवट्यावर, पाणी वाहतं त्या खोलगटात कधीच नाही. ह्या शीटांवर कौलाची एकेक पायरी बहुतेक २१९ मिलिमीटरची असते, त्यामुळे खालचे पाइप तीन पायऱ्यांवर, म्हणजे ६६० मिलिमीटरला एक, असे घेतात. पाइप वाचवायला कोणी तीन फुटांवर घेऊ म्हणाला तर नको म्हणा, दोन वर्षांत मधे पोट सुटतं.

आणि शीटं आणून उन्हात गठ्ठा करून ठेवू नका, वाकडी होतात. मांगराची चार आमच्या अंगणात आठ दिवस पडली होती, अजून कळतं कुठली ती.

गळतं का? उतार किती पाहिजे?

शीटमधून गळायचा प्रश्नच नाही, गळलं तर स्क्रूतून, जोडातून किंवा आढ्यावरच्या टोपीतून. कंपनीवाले १५ अंश उतार पुरतो म्हणतात, पण आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो उभा पडत नाही, आडवा येतो, त्यामुळे मी तरी २०-२५ अंशांखाली जाणार नाही. शक्यतो आढ्यापासून वळचणीपर्यंत एकच लांब शीट घ्या, मधला आडवा जोडच नको. टेम्पोत मावणार नाही म्हणून दोन तुकडे करू असं ड्रायव्हर सांगतो, त्याचं ऐकू नका, मोठी गाडी बघा.

पन्हळ मोठी लावा. कौल पहिल्या सरीचं पाणी थोडं पिऊन घेतं, पागोळ्या सावकाश सुरू होतात, प्लास्टिकवरून मात्र पहिल्या मिनिटाला धो धो. आमची पहिली पन्हळ चार इंची होती, तिच्यावरून उडी मारून पाणी सरळ तुळशीवृंदावनावर.

जुन्या वाशांवरच बसवता येईल का?

वासे सरळ असतील तर. पण सत्तर वर्षांच्या घराचे वासे सरळ कुठे असतात, आढं मधे बसलेलं असतं, एक पाखी इकडे दबलेली. सुटी कौलं ते सगळं खपवून घेतात, त्या वाकण्याबरोबर वाकतात, शीट खपवत नाही. शिवाय कौलांच्या रिपा जवळजवळ फुटाफुटावर असतात, शीटचं माप वेगळं, म्हणजे रिपा नव्याच. मग वाशांवर आडवे पाइप टाकून पातळी साधावी लागते आणि त्याचा खर्च बघून निम्मे लोक म्हणतात सगळंच काढू. सुटी प्लास्टिक कौलं मात्र जुन्या रिपांवर बसू शकतात, पण ती प्रत्येक रिपेला स्क्रूने मारावी लागतात, नुसती अडकवून ठेवली तर पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात शेजाऱ्याच्या काजूत.

माकडं?

येतात की, माकडांना काय कळतंय आम्ही एवढा खर्च केलाय ते. पण काही फुटत नाही. मोठं वानर आंब्यावरून पडवीवर उडी मारतं तेव्हा धडाम आवाज येतो आणि उतारावरून ते जे घसरत खाली येतं ते बघायला आमची पोरं पहिले काही दिवस खिडकीत बसलेली असायची. बाकी काही नाही तरी ह्या एका कारणासाठी लोक बदलतायत, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही.

आणि नारळ पडला तर?

कौल तर फुटतंच. शीट बऱ्याचदा वाचतं, पण मधे आधार नसलेल्या जागी आणि जुन्या, उन्हाने वाळलेल्या शीटवर उंचावरून पडला तर तडकतं. फरक असा की कौल फुटलं तर पाच मिनिटांत बदललं, शीट तडकलं तर अख्खं पान उतरवायचं. तात्पुरता सिलिकॉन लावून एक पावसाळा निघतो. माड घरावर ओथंबलेला असेल तर पाडेल्याला वेळेवर बोलवा, हे कुठल्याही छपराला लागू.

चूल, आग वगैरे?

पीव्हीसी स्वतःहून भडकत राहत नाही, ज्योत काढली की विझतं, इथपर्यंत दुकानदार खरं बोलतो. तो जे बोलत नाही ते म्हणजे ७५-८० अंशांना ते मऊ पडायला लागतं आणि जळालं तर धूर फार वाईट, घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा, त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते. तेव्हा चुलीवर, न्हाणीतल्या चुलाणावर, काजूच्या भट्टीवर हे घालू नका. धुराड्याचा पाइप शीटमधून काढायचा असेल तर भोवती पत्र्याची मोठी चौकट द्या. आमच्या न्हाणीवर म्हणूनच अजून कौलं आहेत, धूर कौलांतून आपोआप निघून जातो, त्याला कसली चिमणी नको.

किती वर्षं टिकेल?

मी चौथ्या वर्षात आहे, चाळीस वर्षांची गॅरंटी मी काय देणार. माल कसा आहे ह्यावर आहे. वरचा एएसए थर नीट असेल तर रंग बराच काळ राहतो, तो थर नावापुरता असेल किंवा नसेलच तर ऊन खालच्या पीव्हीसीला खातं, शीट पांढुरकं होतं, मग ठिसूळ. वॉरंटी मिळते त्यात नीट वाचा ती कशाची आहे, रंगाची, गळतीची, का मोडण्याची. बहुतेक वेळा फक्त बदली माल देतात, उतरवायची-चढवायची मजुरी तुमची. खाऱ्या हवेत शीटला काही होत नाही, पण स्क्रू आणि पाइपला होतं, वेंगुर्ले-मालवणच्या किनाऱ्यावर असाल तर स्क्रू चांगल्या प्रतीचे घ्या आणि पाइपला वेल्डिंगच्या जागी रंग परत परत द्या. गोठ्यावर हे पत्र्यापेक्षा नक्की सरस, शेणामुताच्या वाफेने पत्रा सडतो, प्लास्टिक नाही.

माल खरा का खोटा कसा ओळखायचा? आणि रेट?

रेट दरवर्षी बदलतो म्हणून आकडा लिहीत नाही, पण रेट कशावर लावलाय ते विचारा. शीटची पूर्ण रुंदी बहुतेक १०५० मिलिमीटर असते, पण शेजारच्या शीटवर चढल्यावर झाकते फक्त ९६०. दोन दुकानदारांचा रेट सारखा दिसतो पण एकाचा १०५० वर असतो, दुसऱ्याचा ९६० वर, म्हणजे नऊ टक्क्यांचा फरक तिथेच गेला. स्क्रू, टोपी, आढ्याचे तुकडे, कडेच्या पट्ट्या ह्याचं वेगळं बिल होतं, ते आधीच लिहून घ्या.

जाडी कडेला मोजू नका, मधे मोजा, आणि वजन करा. बारा फुटी शीट तीन मिलिमीटरचं असेल तर बावीस-तेवीस किलो भरायला पाहिजे. अठरा भरलं तर ते तीनचं नाही, तीनशे वेळा शपथ घेतली तरी. उलट जास्तच जड आणि वाकवल्यावर कटकन मोडणारं असेल तर चुनखडीच्या भुकटीचा भरणा जास्त आहे. तुकडा मागून घ्या, कडेला बघा वरचा थर वेगळा दिसतो का, किल्लीने ओरखडा काढा. नुसता रंग फासलेला असेल तर लगेच कळतं. तुकडा द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडून घेऊच नका.

आमच्याकडे सध्या सिमेंटचा पत्रा आहे, तो काढून घालू का?

घाला, मी तर म्हणेन कौल बदलण्यापेक्षा हे आधी करा. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, तुकड्याला धरून बसलंय तोवर ठीक, पण तोडला, ग्राइंडर लावला की त्याचे तंतू हवेत जातात आणि ते फुफ्फुसात गेले की बाहेर येत नाहीत, दुखणं वीस-तीस वर्षांनी उभं राहतं. काढताना पाणी मारून ओला करा, बोल्ट कापा पण पत्रा कापू नका, वरून खाली फेकू नका, तोंडाला चांगला मास्क. आणि ते तुकडे वाटेत खड्डे बुजवायला टाकायची आपल्याकडे जी पद्धत आहे ती बंद करा, रोज त्यावरून गाडी गेली की परत धूळ.

सोलर बसेल का?

पीएम सूर्यघर योजना २०२४ ला आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, त्यामुळे हे आता सगळेच विचारतात. बसतं, पण पॅनेलचे पाय शीटवर टेकवायचे नाहीत, शीटमधून आरपार खालच्या पाइपला धरायचे, आणि सांगाडा तेवढं वजन आणि वारा धरून सुरुवातीलाच जाड घ्यायचा. नंतर सुचलं तर उशीर झालेला असतो, आमच्यासारखा. साफ करायला वर चढायचं तर पाय पाइपच्या ओळीवरच, फळी टाकून. पावसात चढूच नका.

मोबाइलची रेंज जाते का?

नाही, ती पत्र्याने जाते.

छपराचं पाणी साठवून वापरलं तर?

झाडांना, धुण्याला, गोठ्याला खुशाल. पिण्यासाठी मी वापरणार नाही, पीव्हीसीत स्थिर राहायला जे मिसळतात त्यात पूर्वी शिसं सर्रास असायचं, तुमच्या शीटात काय आहे हे दुकानदाराला पण माहीत नसतं.

प्लास्टिक म्हणजे कचराच ना शेवटी?

हो. गोल गोल बोलत नाही. कौल फुटलं तर मातीत जातं, अंगणात ठेचून टाकलं तरी चालतं. शीटचा तुकडा मातीत जात नाही आणि जाळायचा तर अजिबात नाही. पीव्हीसी परत वितळवून वापरता येतं, पण भंगारवाला बाटल्या जशा उचलतो तसं हे उचलत नाही. दुसऱ्या बाजूला कौल भाजायला भट्टीत लाकूड जळतं आणि नदीकाठची माती उकरली जाते, तेवढा हिशोब धरायला हवा. तरी ह्या मुद्द्यावर कौलच जिंकतं असं मला वाटतं.

मग स्वतःचं मधलं घर का नाही बदललं?

कारण आम्ही तिथे राहतो. वडील आहेत, मी आहे, दर मे महिन्यात दोघं मिळून वर चढतो, एकेक कौल हाताखालून जातं. वडील आता खाली उभे राहून नुसत्या सूचना देतात, पण घर बघितलं जातं. माजघरात दुपारी पंखा लागत नाही, वर काचेच्या कौलातून उजेडाचा एक खांब खाली येतो, तो सोडवत नाही. (शीटमध्ये पण पारदर्शक तुकडा मिळतो, आम्ही मांगराला लावलाय, उजेड चांगला पण तो खांब नाही, सगळीकडे सारखाच पांढरा.)

तेव्हा मला कोणी विचारलं काय घालू तर मी उलट विचारतो, घरात राहतं कोण? माझा चुलतभाऊ डोंबिवलीला, त्याच्या घराला गणपतीचे पाच-सात दिवस सोडले तर कुलूप. एक कौल जूनमध्ये घसरलं तर ते कळतं भाद्रपदात, तोवर वाशाच्या डोक्यावर तीन महिने धार. दोन पावसाळे असे गेले की वासा कुजतो, तिसऱ्याला पाखी खाली. असली किती घरं आमच्याच वाडीत मातीला मिळाली. त्याला मी स्वतः सांगितलं की प्लास्टिक घाल, आणि भोकं मोठी पाड.

उतरवलेल्या जुन्या कौलांचं काय करायचं?

फेकू नका, आणि ठेकेदाराला फुकट देऊ नका, तो ती विकतो. चांगली निघालेली कौलं विकत घेणारे आहेत, रिसॉर्टवाले, हॉटेलवाले, नवीन घराला जुना लूक पाहिजे असलेले. टणक आवाज येतो ती वेगळी काढा, धप्प आवाज येतो त्यांना चीर आहे. आडवी थप्पी घालू नका, खालची फुटतात, भिंतीला उभी टेकवून ओळीत लावा. सगळी विकूही नका, शेजारी कोणाचं तरी कौलारू घर असतं आणि तुमच्याच मापाचं कौल आता सहज मिळत नाही. आमची दोनशे होती, विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवलेली. गेल्या आषाढात समोरच्या काकांच्या ओटीवर फांदी पडली तेव्हा चाळीस गेली, बाकीची अजून तिथेच आहेत.